दुर्बिणीची बैठक

एखाद्या मनुष्याची मनापासून स्तुती करण्याचा प्रसंग आला, म्हणजे जी विशेषणे आपल्या तोंडी सहज येतात त्यांत ‘तत्त्वनिष्ठ’ हे विशेषण बहुधा असतेच. ‘तीस वर्षांपूर्वी जे बोलत होते तेच आजही बोलतात’ एवढे कोणाविषयी म्हटले की त्याच्या थोरवीला आणखी पुरावा नको, अशी आपली समजूत असते. उलट, ज्याने आपले मत एकदा बदलले त्याचे नवे मत कितीही शहाणपणाचे असो, त्याच्याकडे आपण थोड्या संशयानेच पाहतो. अचल राहणे हा गुण आणि हलणे हा दोष, असा हा साधा हिशेब आहे. पहिल्या जातीची स्तुती माझ्या वाट्याला बरीच आली आहे, आणि खोटे कशाला बोला, ती मला आवडतही असे. हा हिशेब चुकीचा असावा ही शंका मला नीतिशास्त्रावरील कोणत्याही ग्रंथाने आणली नाही. ती आली गेल्या माघात, पनवेलच्या माझ्या घरामागील परसात दुर्बिणीसाठी नवी बैठक उभी करीत असता.

दुर्बीण जुनीच आहे. तिचा आठ इंच व्यासाचा आरसा मी प्राध्यापक झालो त्या वर्षी स्वतःच्या हातांनी घासून तयार केला होता. घरी आलेला पाहुणा या आरशाची चौकशी हटकून करतो. तो केवढा आहे, त्यातून किती दूरचे दिसते, शनीचे कडे दिसते काय, असे विचारतो. परंतु दुर्बीण ज्या वस्तूवर उभी असते त्या वस्तूविषयी इतक्या वर्षांत मला एकानेही प्रश्न केलेला नाही. माझी स्वतःची गतही निराळी नव्हती. एका फिरत्या लाकडी घडवंचीवर नळी ठेवून मी ती हाताने ढकलीत असे. अर्ध्या अंशाच्या दृष्टिक्षेत्रात मधोमध आणलेला विषुववृत्ताजवळचा तारा अवघ्या एका मिनिटात कडेला जाऊन दिसेनासा होतो. त्यामुळे डोळा आणि हात यांची सदैव झटापट चाले. तरुणपणी अशी झटापट गमतीची वाटते. पन्नाशीनंतर मान आणि कंबर यांचेही म्हणणे ऐकावे लागते. तेव्हा यंदा मन घट्ट करून यंत्राने आपोआप फिरणारी बैठक विकत आणली. हौशी निरीक्षक तिला ‘माउंट’ म्हणतात. मला बैठक हाच शब्द अधिक आवडतो. कारण आपल्या भाषेत विचारांनाही बैठक असते, आणि तिची चौकशीही सहसा कोणी करीत नाही.

बैठकीसाठी प्रथम खांब हवा. परसात एक लहानशी खोली बांधली. तिचे पत्र्याचे छप्पर रुळांवरून मागे सरकते. खोलीच्या मधोमध खोल खड्डा घेऊन त्यात काँक्रीटचा खांब उभा करावयाचा होता. खोलीची फरशी आणि हा खांब यांचा कोठेही स्पर्श होता कामा नये, भोवती चार बोटे फट राहिलीच पाहिजे, असे मी गवंड्याला बजावले. तो बुचकळ्यात पडला. आजवर त्याने बांधलेले खांब काहीतरी तोलून धरीत असत. खोलीत राहून खोलीला न शिवणारा खांब त्याने पाहिला नव्हता. माणूस चालला की फरशी कापते. तो कंप खांबात शिरला तर दुर्बिणीतून तो दीडशेपट मोठा होऊन ताऱ्याला नाचवू लागतो, असे मी त्याला समजावून सांगितले. तो क्षणभर विचार करून म्हणाला, “म्हणजे सर, ज्याला नीट बघायचंय त्यानं घरच्यांच्या पायात पाय घालायचा नाही.” मला हे बोलणे फारच आवडले. खांब पुरा झाला तेव्हा मी त्याच्याकडे काहीशा आपलेपणाने पाहत राहिलो. सर्वांच्या मध्ये उभा, परंतु कोणाच्याही पावलांनी न हादरणारा! मला त्यात माझेच चित्र दिसत होते.

खांबावर बैठक चढली आणि हे चित्र बिघडले. या बैठकीची रचना थोडक्यात अशी. तिचा एक आस पृथ्वीच्या आसाशी समांतर ठेवावयाचा असतो. पनवेलचा अक्षांश १९ अंशांच्या अगदी जवळ आहे. म्हणून येथे तो आस नेमका उत्तरेकडे, क्षितिजापासून १९ अंश वर रोखावा लागतो. पृथ्वी आपल्याभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे एक फेरी २३ तास, ५६ मिनिटे आणि ४ सेकंदांत पुरी करते. बैठक त्याच वेगाने पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरते. दोन्ही गतींची वजाबाकी शून्य होते आणि तारा दृष्टिक्षेत्रात उभा राहतो. फ्राउनहोफर या जर्मन कारागिराने डॉर्पाटच्या वेधशाळेसाठी बनविलेल्या, १८२४ सालच्या प्रसिद्ध दुर्बिणीची बैठक याच तत्त्वावर घड्याळाच्या यंत्राने फिरत असे. आज घड्याळाच्या जागी विजेची मोटर आली आहे, पण कल्पना तीच आहे.

हे सगळे मला पुस्तकावरून ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे निराळे आणि डोळ्यांसमोर घडणे निराळे. ज्या खांबाला मी अचल म्हणत होतो तो वस्तुतः पृथ्वीबरोबर रात्रभर वाहत चालला होता. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास हीच गोष्ट नावेच्या दृष्टान्ताने सांगितली आहे: नावेत बसलेल्या मनुष्याला काठावरच्या वस्तू उलट दिशेने जाताना दिसतात, तशीच आपल्याला ताऱ्यांची गती भासते. पनवेलकरांस हा दृष्टान्त परका वाटू नये. आगगाडीपूर्वीच्या काळी मुंबईहून पुण्यास जाणारे लोक नावेने पनवेलच्या खाडीला उतरत आणि मग बोरघाटाची वाट धरीत. त्या नावेत हातपाय न हलवता बसलेला प्रवासी स्थिर होता असे कोण म्हणेल? भरतीचे पाणी नेईल तिकडे तो चालला होता. जो काहीच करीत नाही तो जागच्या जागी राहतो असे नव्हे. पायाखालची जमीन जिकडे जाते तिकडे तो जातो, आणि तीच जमीन सर्वांच्या पायाखाली असल्यामुळे ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही, एवढेच. ताऱ्याशी एकनिष्ठ राहावयाचे असेल तर जमिनीच्या उलट दिशेने, मोजूनमापून, क्षणोक्षणी हलावे लागते.

आता हा आस बरोबर लागला की नाही, हे ओळखावे कसे? सोपा मार्ग म्हणजे ध्रुवाकडे पाहणे. परंतु माझ्या परसाच्या उत्तरेस एक बहुमजली इमारत उभी आहे. १९ अंश ही काही फार मोठी उंची नव्हे. इमारतीने ध्रुव पुरता झाकला आहे. ती नसती तरी तळोज्याकडचा धूर आणि नव्या मुंबईचे दिवे यांतून तो रोज दर्शन देईलच, असे नाही. होकायंत्र म्हणावे तर ते खांबातील लोखंडी सळयांपाशी सरळ खोटे बोलते. सौभाग्यवती काय चालले आहे ते पाहण्यास परसात आली, तेव्हा मी ही अडचण तिच्या कानावर घातली. ती म्हणाली, “अहो, लग्नाच्या रात्री भटजींनी मला ध्रुव दाखवला तेव्हाही ढगच होते. ते म्हणाले, ‘दिसला म्हणा’. मी ‘दिसला’ म्हटलं. इतक्या वर्षांत काही अडलं का?” हा भटजींचा पदरचा धूर्तपणा नव्हता. वधूला ध्रुव न दिसला तरी ‘दिसतो’ असेच तिने म्हणावे, अशी सोय पारस्कर गृह्यसूत्रातच करून ठेवलेली आहे. मला त्या वेळी हसू आले. पण मग न दिसलेल्या ध्रुवाच्या साक्षीने चाललेला संसार मार्गावर राहतो तो कशाच्या आधाराने, हा प्रश्न मागे राहिलाच. त्याचे उत्तर मला पुढच्या तीन रात्रींत मिळाले असे वाटते.

ध्रुव न पाहता आस लावण्याची एक जुनी रीत आहे. याम्योत्तरवृत्तावर आलेला, विषुववृत्ताजवळचा एखादा तारा निवडावयाचा. माघात रात्री नऊच्या सुमारास मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे तेथे येतात. त्यांतील पश्चिमेकडचा तारा जवळजवळ विषुववृत्तावरच आहे. नेत्रभिंगातील उभ्या-आडव्या रेघांच्या छेदावर तो आणून ठेवावयाचा, यंत्र चालू करावयाचे आणि नुसते पाहत बसावयाचे. तारा दक्षिणेकडे सरकू लागला तर आसाचे टोक पूर्वेकडे कलले आहे. उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेकडे. मग पूर्वेस वर येत असलेला दुसरा तारा धरून तोच प्रयोग करावयाचा. येथे तारा दक्षिणेकडे ढळला तर आस खाली गेला आहे, उत्तरेकडे ढळला तर वर चढला आहे. स्क्रू किंचित फिरवावयाचा आणि पुन्हा पाहत बसावयाचे.

या रीतीतील दोन गोष्टी मला विचारात पाडणाऱ्या वाटल्या. पहिली ही, की चूक शोधण्यासाठी बैठकीकडे पाहून काही उपयोग नाही. पाणसळीतला बुडबुडा मधोमध होता, अंशांच्या खुणा जुळत होत्या. बैठकीला विचारले असते तर तिने आपण निर्दोष असल्याची ग्वाही दिली असती. चूक दिसते ती ताऱ्याच्या ढळण्यात. दुसरी गोष्ट ही, की चूक लगेच दिसत नाही. आस एका अंशाने चुकला असला तरी एका मिनिटात तारा फार तर पंधरा-सोळा विकला ढळतो. डोळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. वीस मिनिटांनी मात्र तो पाच कला, म्हणजे चंद्रबिंबाच्या सहाव्या हिश्श्याइतका, दूर गेलेला असतो. पहिल्या रात्री मी चारपाच मिनिटे पाहिले आणि ‘उत्तम जमले’ म्हणून उठलो. जेवून परत आलो तो रेघांचा छेद रिकामा होता आणि तारा कडेच्या वाटेला लागला होता.

त्या रिकाम्या छेदाकडे पाहताना मला एका विद्यार्थ्याची आठवण झाली.

मी नोकरीस लागलो तेव्हा, ज्या महाविद्यालयात मी होतो तेथे, हजेरी कमी भरलेल्या मुलांपैकी कोणास परीक्षेस बसू द्यावयाचे हे वशिल्यावर ठरत असे. मोठ्यांच्या मुलांना सवलत आणि गरिबांच्या मुलांना नियम, अशी वाटणी होती. आम्ही दोघातिघांनी हट्ट धरून नियम सर्वांस सारखा लागू करविला. त्या दिवशी आस बरोबरच लावला होता, असे मी आजही म्हणेन. त्यानंतर दहाबारा वर्षांनी एक मुलगा माझ्याकडे आला. त्याची हजेरी भरत नव्हती. हातात कसले तरी कागद होते. तो म्हणाला, “सर, एकदा ऐकून घ्या.” मी म्हणालो, “ऐकण्यासारखे काही नाही. नियम सर्वांना सारखा आहे.” तो मुकाट्याने गेला, परीक्षेस बसला नाही, आणि पुढल्या वर्षी महाविद्यालयात दिसलाही नाही. वडील अंथरुणाला खिळले होते आणि हा रात्रपाळीने कारखान्यात जात होता, असे त्याच्या वर्गातील एकाकडून मला पुष्कळ दिवसांनी कळले. तो गेला त्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत माझ्या तत्त्वनिष्ठेची वाहवा झाली होती.

मी नियम मोडावयास हवा होता, असे माझे म्हणणे नाही. सर्व ऐकूनही कदाचित मला नाहीच म्हणावे लागले असते. माझा दोष हा, की मी ऐकले नाही. आणि ऐकले नाही याचे खरे कारण, ऐकले तर आपण हलू अशी मला भीती वाटली. तो नियम आम्ही ज्या ताऱ्याकडे पाहून लावला होता तो तारा म्हणजे गरिबाला न्याय. मधल्या वर्षांत मी ताऱ्याकडे पाहणे सोडून दिले होते आणि पाणसळीकडे पाहत होतो. पाणसळ बरोबर होती. दर वर्षी एखादी विकला मी ढळत असेन, तेही सर्वांच्या बरोबरीने. मग ते कळावे कसे? ते त्या मुलाने दाखवून दिले, आणि मी त्यालाच दाराबाहेर पाठविले.

येथे काही वाचक म्हणतील की हे तत्त्वज्ञान संधिसाधूंच्या फार सोयीचे आहे. हलणे हेच जर स्थैर्य, तर छपरावरच्या वातकुक्कुटाइतका स्थिर प्राणी जगात दुसरा कोण? आक्षेप गंभीर आहे. रोज नवी टोपी घालणारे आणि त्यालाच प्रगती म्हणणारे लोक आपण सर्वांनीच पाहिले आहेत. परंतु वातकुक्कुट आणि दुर्बिणीची बैठक यांतील भेद थोडा विचार केल्यास स्पष्ट दिसतो. वातकुक्कुट ज्याचा जोर असेल त्याच्यापुढे फिरतो. बैठक आपल्या पायाखालच्या जमिनीविरुद्ध फिरते. वातकुक्कुटाची चूक कधी होतच नाही, कारण त्याला कोठे पोचावयाचेच नसते. बैठकीची चूक मात्र कोणीही भिंगाला डोळा लावून पकडू शकतो. तेव्हा मनुष्य हलला की नाही हा प्रश्नच नव्हे. कशाकडे पाहून हलला, आणि त्या हलण्याचा हिशेब दाखवावयास तयार आहे की नाही, हा प्रश्न आहे.

असा हिशेब कसा द्यावा याचे एक सुंदर उदाहरण आमच्या जिल्ह्यात घडलेले आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकापासून चालत आली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या ट्रामगाड्या घोड्यांऐवजी विजेवर चालविण्याचे ठरले. त्या विजेच्या प्रवाहाने वेधशाळेतील नाजूक चुंबकसूच्या विचलित होणार, हे उघड होते. जागेला चिकटून राहणे म्हणजे निष्ठा, असे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी मानले असते, तर त्या सूच्या कुलाब्यासच राहिल्या असत्या आणि पृथ्वीऐवजी ट्रामगाड्यांची जा-ये टिपीत बसल्या असत्या. तसे झाले नाही. अलिबाग येथे लोखंड कटाक्षाने टाळून नवी वेधशाळा बांधण्यात आली. परंतु एक दिवस कुलाब्यास कुलूप लावून दुसऱ्या दिवशी अलिबागेस वही उघडली, असेही झाले नाही. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली; जुन्या आणि नव्या जागेच्या आकड्यांत किती अंतर पडते ते नोंदून ठेवले, आणि मगच जुनी मालिका नव्या मालिकेला जोडली. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली. ती ट्रामही १९६४ साली बंद पडली. अलिबागेची नोंद मात्र आजही चालू आहे. ज्या भूचुंबकत्व संस्थेकडे ती वेधशाळा आहे, तिचे मुख्यालय तर आमच्या नव्या पनवेलातच आहे.

मत बदलण्याची सभ्य रीत कोणती, असे मला कोणी विचारले तर मी या दोन वर्षांकडे बोट दाखवीन. जागा सोडली म्हणून तेथे व्रत मोडले नाही. जागा सोडली म्हणूनच ते टिकले. आणि पूर्वी आम्ही काय मोजत होतो, आता काय मोजतो, दोहोंत अंतर किती, हे सर्वांना पाहता येईल अशा रीतीने लिहून ठेवले. संधिसाधू नेमके हेच अंतर लपवितो. आपण पूर्वीपासून असेच म्हणत होतो, असे तो सांगतो.

आणखी एक शंका उरते, आणि ती पहिलीपेक्षा सूक्ष्म आहे. ज्याकडे पाहून हलावयाचे तो ताराच जर हलत असेल तर? आपला ध्रुव आज खऱ्या ध्रुवबिंदूपासून पूर्ण चंद्राच्या रुंदीहून किंचित अधिकच दूर आहे आणि रोज त्याच्याभोवती एक लहानशी प्रदक्षिणा घालतो. पृथ्वीचा आसही सुमारे २६,००० वर्षांत आकाशात एक वर्तुळ काढतो; त्यामुळे सुमारे पावणेपाच हजार वर्षांपूर्वी ध्रुवपदाचा मान कालेय नक्षत्रातील थुबन या निराळ्याच ताऱ्याकडे होता. मग अढळपद ते कोणते? मला वाटते, अढळ काहीच सापडले नाही म्हणून निष्ठा व्यर्थ ठरत नाही. आस लावावयाचा असतो तो ताऱ्याच्या दिशेने नव्हे, तर ज्या रिकाम्या बिंदूभोवती सारे आकाश फिरते त्या बिंदूच्या दिशेने. तो डोळ्यांना दिसत नाही. इतर ताऱ्यांचे ढळणे पाहत पाहत त्याची जागा ठरवावी लागते. न्याय, सत्य, वात्सल्य ही नावे आपण ज्यांना देतो त्यांचीही गोष्ट अशीच असावी. आपल्या पिढीचा ध्रुव त्यांच्या जवळपास असतो, एवढेच. माझ्या घरातील संसार न दिसलेल्या ध्रुवाच्या साक्षीने चालला, तोही बहुधा असाच: रोज कोणी तरी थोडे ढळले आणि कोणी तरी स्क्रू थोडा फिरविला. बहुतेक वेळा तो फिरविणारा हात माझा नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता निवृत्तीस चार वर्षे उरली आहेत. हजेरीचे अर्ज पाहण्याचे काम यंदाही मजकडेच आहे. फाल्गुनात दोन मुले आली. दोघांनाही बसवून मी त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले. एकाला नाही म्हटले, आणि तो रागावून गेला. दुसऱ्याच्या अर्जावर शिफारस लिहिली. आणि आजवर अशी शिफारस मी का लिहीत नव्हतो व आज का लिहीत आहे, हेही त्याच कागदावर चार ओळींत लिहिले. तो कागद वाचून माझे एक तरुण सहकारी म्हणाले, “सर, तुम्ही बदललात.” ही स्तुती की ठपका, हे त्यांच्या स्वरावरून मला कळले नाही. पूर्वी एवढ्याने माझी झोप उडाली असती.

त्या रात्री आकाश स्वच्छ होते. मृग पश्चिमेकडे कलला होता आणि प्रश्वा याम्योत्तरवृत्तावर आला होता. तो रेघांच्या छेदावर आणून मी यंत्र चालू केले आणि जेवावयास गेलो. परत येऊन पाहतो तो तारा जवळजवळ जागेवरच होता. उत्तरेकडे केसभर सरकला होता इतकेच. मी स्क्रू तितकाच, केसभर फिरविला आणि पुन्हा पाहत बसलो.